सहा मतांचं गाव आणि तीन हजार नाणी

५ नोव्हेंबर २०२४, सकाळचे अकरा वाजले असतील, आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आला की अमेरिकेतला पहिला निकाल लागला, हॅरिस ३ ट्रम्प ३, म्हणजे यंदा लढत अटीतटीची. लगेच सात-आठ जणांनी आपापले अंदाज टाकले. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, कारण या सहा मतांच्या मागे गणितातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे.

गावाचं नाव डिक्सव्हिल नॉच. न्यू हॅम्पशायर राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळची डोंगरातली वस्ती. तिथला कायदा असा की अगदी छोट्या गावात मध्यरात्री मतदान सुरू करता येतं आणि यादीतल्या सगळ्यांनी मत टाकलं की केंद्र बंद करून लगेच मोजणी. नील टिलॉट्सन नावाच्या हॉटेलमालकाने १९६० मध्ये इथे हे सुरू केलं आणि तेव्हापासून दर चार वर्षांनी कॅमेरे तिथे हजर असतात. २०२४ मध्ये टिलॉट्सन हाऊसच्या दिवाणखान्यात आधी अकॉर्डियनवर राष्ट्रगीत झालं, मग सहा जणांनी मतं टाकली. त्यांची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेदहा, म्हणून ती बातमी आपल्या चहाच्या वेळेला पोचली.

आता गावाचा आजवरचा हिशोब बघा. १९६० ला निक्सन ९, केनेडी ०, आणि जिंकले केनेडी. २००८ ला ओबामा १५-६, बरोबर आलं. २०१२ ला ५-५. २०१६ ला क्लिंटन पुढे, जिंकले ट्रम्प. २०२० ला बायडेन ५-०, जिंकले बायडेनच, पण देशात त्यांना मतं ५१ टक्क्यांच्या आसपास.

सहा नाणी एकदम उडवली तर छापा-काट्याचे एकूण ६४ प्रकार होतात आणि त्यातल्या २० प्रकारांत ३-३ येतं. म्हणजे काहीही राजकारण नसताना, नुसती नाणी उडवून साधारण तीनातून एकदा टाय होणारच. पाच नाणी सगळी एकसारखी पडायची शक्यता सोळात एक. एका घरातले लोक बऱ्याचदा सारखंच मत देतात, त्यामुळे खऱ्या गावात एकतर्फी निकाल याहूनही सोपा. आकडा लहान असला की टक्केवारी अशी उड्या मारते, एकाने मत बदललं की थेट १७ टक्के इकडचे तिकडे.

ठीक, सहा मतं सोडा. पण काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं, तिथे तर हजारो मतदार असतात ना? इंडियानातली व्हिगो काउंटी १९५६ पासून २०१६ पर्यंत प्रत्येक वेळी जिंकणाऱ्याच्याच मागे उभी होती, ओळीने सोळा निवडणुका! पत्रकार तिथल्या टेरे हॉट शहरात जाऊन देशाची नाडी बघायचे. मग २०२० ला व्हिगोने ट्रम्पना मत दिलं आणि साखळी तुटली.

माझी लाडकी गोष्ट ती इथे. अमेरिकेत सुमारे ३१०० काउंट्या आहेत. समजा प्रत्येकीने दर निवडणुकीत नुसतं नाणं उडवलं आणि चुकली ती बाद. पहिल्या फेरीनंतर १५५० उरतील, मग ७७५, मग ३८८, १९४, ९७, ४८, २४, १२, ६, आणि दहाव्या फेरीला तीन. या तिघींना काहीही कळत नसतं, तरी दहापैकी दहा! आपण बाकीच्या तीन हजार बघतच नाही, उरलेल्या तिघींनाच जाऊन विचारतो की बाई तुझं गुपित काय. आपल्याकडे निवडणुकीचं भाकीत खरं ठरलेल्या ज्योतिषाचा फोटो छापून येतो, चुकलेल्या शंभरांचा येत नाही, तसंच हे. नारळीकर सर आणि दाभोलकरांनी हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ओळखायला दिल्या होत्या, २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाण्याने ५० दिले असते.

पण १९८० ते २०१६ या दहा निवडणुकांत सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्या काउंट्या तीन नाही, १९ होत्या. का? कारण पेपर सोपा होता. १९८४ ला रेगननी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, त्या वर्षी नापास होणंच अवघड. २०१६ ला ट्रम्प एकूण मतांत मागे असूनही अडीच हजारांहून जास्त काउंट्यांत पुढे होते. इथे लक्षात घ्या, लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटी लोक आणि टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४, पण काउंट्या मोजताना दोघी एक-एकच. २०२० ला बायडेन मोठ्या शहरांच्या जोरावर जिंकले, काउंट्या मिळाल्या सुमारे पाचशे, म्हणजे यावेळी पेपर उलटा निघाला आणि १९ पैकी १८ एकाच दिवशी बाद. उरली वॉशिंग्टन राज्यातली क्लॅलम. मग सगळे तिच्याकडे धावले आणि २०२४ ला तिने हॅरिसना निवडलं.

त्या सहा मतांतून काहीच कळत नाही का? कळतं, पण देशाबद्दल नाही, त्या दिवाणखान्याबद्दल. त्या सहा जणांत चार मतदार यादीत रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्या पक्षाचे, म्हणून नोंदलेले होते आणि दोघांनी कुठलाच पक्ष नोंदवलेला नव्हता. जानेवारीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, सहाच्या सहा मतं ट्रम्प यांच्या पक्षातल्याच प्रतिस्पर्धी निकी हेलींना गेली होती. आता त्या बिनपक्षाच्या दोघांनीही हॅरिसना मत दिलं असं धरलं तरी तिसरं मत कुठून आलं? चार रिपब्लिकनांपैकी निदान एकाने त्या रात्री आपला पक्ष सोडून मत टाकलं, आणि मतदान गुप्त असूनही हे साध्या वजाबाकीतून बाहेर येतं.