सॉफ्टनर बसवला तरी टीडीएस का उतरत नाही?

सोसायटीत बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवला की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारा मीटर घेऊन गच्चीवर जातं, आकडा जवळपास आधीचाच दिसतो आणि ग्रुपवर सुरू होतं, प्लँटवाल्याने फसवलं. अहो, आकडा उतरणारच नसतो! मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढं बघतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो, क्षार कुठले हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर काढतो तो फक्त पाण्याचा जडपणा, आणि तो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा असतो.

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचे, बारीक पिवळट मणी असतात, एक मिलिमीटरपेक्षाही लहान. मण्यावर ऋण भाराच्या जागा पक्क्या असतात आणि प्रत्येक जागेवर एक सोडियम बसलेला असतो. कॅल्शियमचा भार दुप्पट, त्यामुळे रेझिन त्याला जास्त जोरात ओढतं आणि एक कॅल्शियम चिकटला की दोन सोडियम पाण्यात सुटतात. वजनाने बघा, ४० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं तर ४६ मिलिग्रॅम सोडियम आलं, मग टीडीएस कमी कुठून होणार?

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कॅल्शियमची ओढ जास्त आहे, तर मग मिठाच्या पाण्याने रेझिन परत ताजं कसं होतं? इथे एकाच्या बदल्यात दोन असा सौदा आहे, म्हणून समतोलाच्या समीकरणात सोडियमच्या प्रमाणाचा वर्ग येतो, म्हणजे पाण्यातलं सोडियम दहापट केलं की उलट दिशेचा रेटा शंभरपट. साध्या पाण्यात सोडियम कमी म्हणून कॅल्शियम जिंकतं, पण साधारण १० टक्के मिठाच्या पाण्यात पारडं फिरतं, कॅल्शियम सुटून ड्रेनमध्ये जातं. तेच रेझिन वर्षानुवर्षं चालतं, संपतं ते फक्त मीठ.

पाइपला बाहेरून चुंबक बांधून पाणी सॉफ्ट करून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा, कॅल्शियम गेलं कुठे? ते पाण्यातच असतं. तुरटीनेही गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही.

सॉफ्टनर तपासायचा तर हार्डनेस किट घ्या. इंडिकेटर टाकल्यावर जड पाणी वाइनसारखं लालसर होतं आणि सॉफ्ट पाणी सरळ निळं. आपल्या आयएस १०५०० मानकात पिण्याच्या पाण्याचा जडपणा (तो कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात मोजतात, नुसत्या कॅल्शियमच्या नाही) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलाय, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत.

आणि किचनची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा. ४०० जडपणाचं पाणी पूर्ण सॉफ्ट केलं की लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, घरात कोणाला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं असेल तर हे बघायलाच हवं, कुंड्यांनाही ते पाणी रोज घालू नका. किचनच्या किटलीत मग पांढरा थर धरेल, पण तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट असतो, लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी तासभर ठेवलं की फसफसून सुटतो.