ऐन गर्दीत किनाऱ्याजवळ तंबूची जागा हवी असेल तर

आम्ही तंबू भाड्याने देतो, त्यामुळे नाताळची सुट्टी लागली की आमचा फोन भल्या सकाळी वाजू लागतो. गाडी आंबोलीत पोचलेली असते, आत बायकामुलं, डिकीत तंबू आणि प्रश्न एकच: आज रात्री गोव्यात समुद्राजवळ जागा मिळेल का? बहुतेक वेळा मिळते. पण कुठे आणि कोणत्या अटींवर, हे आधी वाचलंत तर तुमचा दिवस गाडीत जाणार नाही.

सगळ्यात आधी, वाळूवर तंबू ठोकायचा विचार सोडा. किनारा मोकळा दिसतो म्हणून तो कॅम्पिंगची जागा होत नाही. तिथे सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी जपण्यासाठी केलेले सरकारी नियम लागू आहेत आणि रात्री-अपरात्री पोरांना झोपेतून उठवून तंबू गुंडाळायची वेळ येऊ शकते. चुलीचंही तेच. पर्यटन स्थळांच्या 2001 च्या कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून किनाऱ्यावर उघड्यावर रांधायला आणि दारू प्यायला दंड आहे. मर्यादवेल पसरलेली वाळूची टेकडी दिसली तर तिच्यावर गाडीही चढवू नका. ती टेकडी लाटांना अडवते, म्हणून मागचं गाव टिकून आहे.

मग तंबू टाकायचा कुठे? भाटात. किनाऱ्यामागे लोकांच्या खासगी मालकीची माडांची भाटं आहेत. त्यांतले काही भाटकार, म्हणजे भाटांचे मालक, सीझनमध्ये तंबूंना जागा देतात. संडास, न्हाणीघर, विहिरीचं पाणी आणि एखादा दिवा एवढं असलं तरी पुरे. समुद्र पाच-दहा मिनिटं चालत. लाट तंबूच्या दारात हवी असा हट्ट असेल, तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही हात जोडतो.

कळंगुट, बागा, हणजूण, वागातोर या पट्ट्यात ऐनवेळी शोधत फिरू नका. जागा मिळाली तरी पहाटेपर्यंत झोप मिळेलच असं नाही. मोकळ्या जागेत दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम कागदावर आहे. उत्तरेला हरमलच्या पुढे केरीपर्यंत या. तिथली सुरूची झाडं समुद्राने बरीच खाल्ली, तरी गाव अजून शांत आहे. दक्षिणेत पाळोळे लवकर भरतं, त्यामुळे आधी काणकोणच्या आतल्या वाड्यांमध्ये विचारा.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे मात्र जपून. थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. झगझगीत उजेड दिसला तर मादी न घालताच परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे सरपटत जातात. वन खात्याने कुंपण घातलेल्या घरट्याजवळ थांबू नका, टॉर्च मारू नका, मोबाईलचा फ्लॅश तर नाहीच.

फोन कधी करायचा, यावर निम्मा खेळ आहे. आदल्या रात्री सगळे "फुल" म्हणतात. सकाळी दहा ते बारा या वेळेत आधीची मंडळी तंबू सोडतात, रात्रीतून कुणाचा बेत रद्द झालेला असतो, तेव्हाच जागा मोकळी होते. चार वाजल्यानंतर पोरं कुरकुरायला लागतात, माणूस दमतो आणि सांगतील तो दर मान्य करतो. शक्य असेल तर शनिवार टाळून रविवारी संध्याकाळी या, पुण्या-मुंबईच्या गाड्या तोवर परतीला लागलेल्या असतात. 31 डिसेंबरला ही युक्ती चालत नाही. त्या रात्रीसाठी आधी बुकिंग करा, नाहीतर त्या रात्री समुद्राचा नाद सोडा.

फोनवर फोटो पाहून पूर्ण पैसे पाठवू नका. फोटो कुठल्याही वर्षाचा, कुठल्याही किनाऱ्याचा असू शकतो. व्हिडिओ कॉल करून आजची जागा दाखवायला सांगा. संडास किती तंबूंना मिळून आहे, गाडी आत येते का, पाण्याची सोय काय आणि पावती मिळेल का, हे विचारा. पावती म्हटल्यावर जो चाचरतो त्याला रामराम करा. सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा, बरोबर परदेशी पाहुणे असतील तर पासपोर्ट आणि व्हिसा लागतोच.

जागेवर पोचलात की खाली बघायच्या आधी वर बघा. माडावर सुके नारळ किंवा लोंबणारी झावळी असेल तर तिच्याखाली तंबू नको. सावली छान पडते म्हणून लोक नेमके तिथेच टाकतात, आणि नारळ काही सांगून पडत नाही. मग जमीन. लाल मुंग्यांची वारूळं आणि न्हाणीचं पाणी वाहून जाणारा चर, दोन्हींपासून लांब. खाडीकाठी असाल तर काठावर सुक्या काटक्या आणि शेवाळाची ओळ दिसते, पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते आणखी वर चढतं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, तेव्हा कालचं पाणी पाहून आजचा अंदाज बांधू नका. डिसेंबरात दवही भरपूर पडतं. वरचा फ्लाय, म्हणजे तंबूवर घालायचं जादा कापड, लावा पण खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर पहाटे आतूनच टपटपायला लागेल. चपला आणि टॉवेल बाहेर ठेवले तर सकाळी पिळूनच घालावे लागतील.

गोव्यात काहीच जमलं नाही तर हद्द ओलांडा. पेडण्याहून किरणपाणीचा पूल ओलांडला की आरोंदा, पुढे शिरोडा, वेळागरचा किनारा आणि सुरूचं बन. काणकोणात अडकलात तर पोळे हे हद्दीवरचं गाव ओलांडून कारवारकडे माजाळी. दोन्हीकडे गर्दी कमी आणि मासळीचं जेवण घरगुती. फक्त गोव्यातली दारू गाडीत घालून नाक्यावर जाऊ नका. परवान्याशिवाय सापडली तर तंबूऐवजी चौकीवर रात्र जाईल.

आमच्याकडे तंबू, सतरंज्या आणि कंदील भाड्याने मिळतात. ओळखीच्या भाटांमध्ये जागा आहे का, हे विचारून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. फोन सकाळी नऊ ते बारा या वेळेत करा आणि माणसं किती, लहान मुलं किती, गाडी कोणती आणि तुम्ही आत्ता नेमके कुठे आहात, एवढं पहिल्याच फोनवर सांगा.