थायरॉईडची गोळी आणि शतावरी एकदम घेऊ नका

शतावरी, जवस, मेथी, अश्वगंधा ही नावं आमच्या गिऱ्हाइकांना नव्यानं सांगायला नकोत. पाळी पुढं-मागं होते, चाळिशीनंतर अंगातून गरम वाफा निघतात, म्हणून रोज कुणी ना कुणी विचारतंच. हे पत्रक मात्र एकाच चुकीसाठी छापलंय.

शनिवारच्या बाजाराला खानापूरकडच्या एक काकू आल्या. रिपोर्ट काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "तुमच्या चूर्णानं माझा टीएसएच वाढला." टीएसएच म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात चढणारं हार्मोन. कसं घेता, विचारलं. पहाटे थायरॉईडची गोळी आणि त्यावर लगेच कपभर दुधातून शतावरी नि भरडलेले जवस. "सारखं कोण ध्यानात ठेवणार, एकदाच उरकून टाकते."

घोटाळा तिथंच झाला. दुधातलं कॅल्शियम आणि जवसाचा चोथा गोळीला आतड्यातून रक्तात नीट उतरू देत नाहीत. मग टीएसएच चढतो, डॉक्टर गोळीची पॉवर वाढवतात आणि बोल आम्हाला लागतो.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहा-नाष्टा तासाभरानं. चूर्ण आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या 4 तास लांब ठेवा; चूर्ण रात्री झोपताना घेतलं की हिशेबच नको. वेळ बदललीत तर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्या. चूर्ण सुरू केलं म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही, शतावरी तिची जागा घेत नाही.

अश्वगंधा थायरॉईडचे हार्मोन स्वतःच वाढवू शकते. म्हणून गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही ती तोलत नाही, गरोदर बाईला आणि लिव्हरचा त्रास असलेल्याला तर नाहीच. यावरून दोघी-तिघी रागावून गेल्या. जाऊ देत.

"दारातल्या अशोकाची साल चालेल का?" हेही नेहमीचंच. कंपाउंडलगत सरळसोट उंच वाढतो तो अशोक औषधाचा नव्हे. औषधी तो सीताअशोक, नारिंगी फुलांच्या घोसांचा.

आमच्याकडे मुळ्या निवडून, वाळवून दुकानातच दळतो, त्यामुळे दर पाकिटापेक्षा थोडा जास्त पडतो. पहिल्या खेपेला 100 ग्रॅमच देतो. मानवलं तर पुढं बघू. पावसाळ्यात चूर्ण ओल धरतं, काचेच्या कोरड्या बरणीत ठेवा. गाठी झालेली पुडी बदलून मिळणार नाही. आणि येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा, तोंडी नावं सांगताना अर्धी राहून जातात.