सिग्नलला तापणारी ई-टाइप आणि हायवेवर तापणारी ई-टाइप

जग्वार ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1961 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि तिच्या देखणेपणाइतकीच तिच्या तापण्याचीही चर्चा तेव्हापासून होत आली आहे. मात्र ‘गाडी गरम होते’ या एकाच तक्रारीखाली दोन निरनिराळे बिघाड एकत्र मोजले जातात. एक गाडी रांगेत किंवा सिग्नलला उभी राहिली की तापते आणि मोकळा रस्ता मिळताच तिचा तापमानाचा काटा आपोआप खाली येतो. दुसरी गाडी शहरात अगदी शांत असते, पण ताशी 100 किलोमीटरच्या वेगाने काही वेळ सलग धावली की तिचा काटा हळूहळू चढू लागतो. दोन्हींसाठी नवा, जाड रेडिएटर बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि पहिल्या प्रकारात तो खर्च बहुधा वाया जातो.

उभ्या गाडीत इंजिन फारच थोडी शक्ती निर्माण करत असते, त्यामुळे बाहेर टाकायची उष्णताही थोडी असते. अडचण एवढीच असते की ती वाहून नेणारी हवा रेडिएटरमधून जात नाही. गाडी ताशी 50-60 किलोमीटरच्या पुढे गेली की वाऱ्याचा झोत पंख्याचे काम स्वतःच करतो आणि पंखा चालू असो वा बंद, फारसा फरक पडत नाही. हवेचा विरोध मोडून काढायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे हायवेवर मात्र उष्णताच कित्येक पटींनी वाढलेली असते, हवाही भरपूर असते, आणि तरीही गाडी तापत असेल तर संशय हवेवर न घेता पाण्याच्या वाटेवर घ्यावा लागतो.

उभ्या गाडीच्या बिघाडात पहिला संशयित म्हणजे पंखा. पहिल्या मालिकेच्या ई-टाइपला एकच इलेक्ट्रिक पंखा आहे आणि तो हेडर टाकीत (रेडिएटरजवळच्या पाण्याच्या छोट्या टाकीत) बसवलेल्या, ऑटर स्विच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तापमानाच्या स्विचवर चालतो. गाडी तापलेली असताना या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्यावर पंखा फिरला तर स्विच गेला आहे असे समजावे. नाही फिरला तर फ्यूज, अर्थ (गाडीच्या सांगाड्याशी असलेली विजेची जोडणी) आणि मोटर क्रमाने तपासावी. पंखा फिरतो आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण 3.8 लिटर इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थ केलेले असते आणि नव्या बनावटीची, कायम चुंबकाची मोटर तिथे नेहमीच्या समजुतीने, म्हणजे ऋण टोक अर्थ आहे असे धरून, जोडली की पंखा उलटा फिरतो. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरलेला कागद जाळीला चिकटायला हवा. तो ढकलला जात असेल तर मोटरच्या वायरी उलट जोडल्या आहेत. ही चाचणी बॉनेट उघडूनच करावी लागते, परंतु त्यामुळे इंजिनाभोवतीची गरम हवा मोकळी निसटते आणि गाडी प्रत्यक्षापेक्षा थंड भासते, म्हणून तापमानाचा निवाडा बॉनेट लावूनच करावा. रेडिएटरच्या कडेच्या रबरी पट्ट्या गळून पडल्या असतील, तर रेडिएटरमधून एकदा गरम होऊन आलेलीच हवा फटीतून फिरून पुन्हा पुढे येते; स्वस्तातली ही दुरुस्ती बहुतेक वेळा शेवटी आठवते. 1968 मध्ये आलेल्या दुसऱ्या मालिकेत कारखान्याने पुढचे तोंड मोठे केले आणि पंखे दोन बसवले. मूळ गाडी कुठे कमी पडत होती याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

हायवेच्या बिघाडात संशयित जास्त आहेत. जुन्या ब्लॉकमध्ये गंज आणि गाळ मागच्या सिलिंडरांभोवती साचतो. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजतात. खालच्या होजमधली (रेडिएटरच्या रबरी नळीतली) स्प्रिंग गंजून गेली असेल तर इंजिन जोरात फिरताना पंपाच्या ओढीने होज आतल्या आत चपटा होतो आणि गाडी थांबवून पाहीपर्यंत पूर्ववत फुगतो, म्हणून तो गॅरेजमध्ये कुणीतरी अॅक्सिलरेटर दाबलेला असतानाच पाहावा लागतो. मिश्रण पातळ असणे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा ठिणगीचे टायमिंग मागे असणे हीसुद्धा कारणे असतात, फक्त मागे पडलेले टायमिंग उभ्या गाडीलाही तापवते, त्यामुळे दोन्ही प्रकारांत ते एकदा तपासून घेतलेले बरे.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देणाऱ्या झडपेबद्दल, मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे गाडी तापली की ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा गॅरेजमधला ठरलेला उपाय आहे आणि या इंजिनात तो उलटतो. ई-टाइपच्या या एक्सके इंजिनात थंड असताना पाणी रेडिएटरला वळसा घालून एका आडवाटेने थेट पंपाकडे परतते. मूळ थर्मोस्टॅटला एक धातूची बाही असते. झडप उघडताना ती बाही सरकून त्या आडवाटेचे तोंड बंद करते आणि सगळे पाणी रेडिएटरमधून जाऊ लागते. थर्मोस्टॅट काढला, किंवा दुकानात सहज मिळणारा बिनबाहीचा बसवला, तर आडवाट कायमची उघडी राहते आणि पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न शिवता पुन्हा इंजिनात शिरतो. त्यामुळे संथ चालताना धकून जाणारी गाडी वेगात तापते, आणि मालक नवा रेडिएटर आणायला निघतो.

दोन्हींतला फरक पाहण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर पुरेसा आहे. रेडिएटरच्या आत जाणारा होज आणि बाहेर पडणारा होज यांचे तापमान जवळजवळ सारखे आणि दोन्ही तापलेले असतील, तर पाणी फिरते आहे पण हवा उष्णता नेत नाही. आत जाणारा होज कढत आणि बाहेरचा बराच थंड असेल, तर पाणीच कमी फिरते आहे. जाळीवर मध्येच थंड पट्टे सापडले, तर तिथल्या नळ्या बुजलेल्या आहेत. हेच थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर रोखून गेजच्या आकड्याशी ताडून पाहावे, कारण या गाडीत तापमानाचे आणि पेट्रोलचे गेज एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर (गेजना स्थिर व्होल्टेज देणाऱ्या भागावर) चालतात. टाकीत असलेल्यापेक्षा जास्त पेट्रोल दिसत असेल आणि काटाही वर असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी त्या स्टॅबिलायझरचा अर्थ साफ करावा.

खंडाळ्याच्या घाटासारख्या चढणीवर खालच्या गिअरमध्ये वेग कमी आणि भार जास्त असल्याने दोन्ही बिघाड एकाच वेळी उघडे पडतात, त्यामुळे तिथल्या तापण्यावरून निदान करू नये. सपाट रस्त्यावर वेग आणि उभे राहणे वेगवेगळे तपासावे. दोन्ही ठिकाणी तापमान झपाट्याने चढत असेल, कूलंट ओव्हरफ्लोमधून बाहेर फेकला जात असेल आणि थंड इंजिन सुरू करताच हेडर टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा (सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांमधल्या पट्टीचा) संशय घ्यावा. त्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते: टाकीतली हवा त्या द्रवातून ओढल्यावर तो पिवळा पडला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे, आणि मग हेड उतरवावेच लागते.