सहभागी अंदाजपत्रक (पुणे महानगरपालिका)

महानगरपालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकातील काही रक्कम आपल्या भागातील कोणत्या कामांवर खर्च व्हावी हे रहिवाशांनी स्वतः सुचवायचे आणि त्यांतून निवडलेल्या कामांसाठी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद करायची, या पद्धतीला सहभागी अंदाजपत्रक म्हणतात. भारतातील मोठ्या शहरांमध्ये ही पद्धत दीर्घकाळ चालवल्याचे ठळक उदाहरण पुण्याचे आहे. तेथे २००६ साली ती सुरू झाली. या पद्धतीत पुणेकराला सुचवण्याचा हक्क मिळाला, पण ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही. तिच्या बहुतेक गुणदोषांचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

मूळ कल्पना ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराची. १९८९ मध्ये तेथे कामगार पक्षाची सत्ता आल्यावर शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात उघड सभा भरवण्यात येऊ लागल्या. लोक तेथे आपल्या गरजांचा क्रम लावत, प्रतिनिधी निवडत आणि ते प्रतिनिधी नगरप्रशासनाबरोबर बसून पैशाची वाटणी करत. ज्या विभागात सोयी कमी, त्याला वाटा अधिक, असे सूत्रच तेथे बांधलेले होते. भारतात केरळने १९९६ पासून लोकयोजना मोहिमेद्वारे राज्याच्या योजना-निधीचा मोठा हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि ग्रामसभांना नियोजनात आणले. बंगळूरमध्ये जनाग्रह या संस्थेने २००१-०२ च्या सुमारास वॉर्डातील कामांचा अग्रक्रम नागरिकांनी ठरवावा यासाठी मोहीम चालवली. पुण्याचा प्रयोग या परंपरेतला असला तरी त्याची घडण बरीच वेगळी आहे, कारण तो लोकचळवळीच्या रेट्यातून किंवा सत्ताधारी पक्षाच्या कार्यक्रमातून आला नाही. प्रशासनाच्या पुढाकारातून आणि शहरातील स्वयंसेवी संस्थांच्या आग्रहातून तो उभा राहिला.

कायद्याचा आधार पाहिला तर तो अर्धवट आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या नेमणे बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमातील कलम २९-अ नुसार या समितीत त्या भागातील नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांच्या जास्तीत जास्त तीन प्रतिनिधींना स्थान देता येते. पुढे शहरांना निधी देणाऱ्या केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने लोकसहभागाचा कायदा करण्याची अट राज्यांना घातली. तिच्या पूर्ततेसाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्र सभेची तरतूद कायद्यात आणली. गावाला ग्रामसभा असते तशी काही मतदान केंद्रांच्या मिळून बनलेल्या परिसराला क्षेत्र सभा असावी, हा तिचा गाभा. ही तरतूद प्रत्यक्षात फारशी अमलात आली नाही. सहभागी अंदाजपत्रकाला तर कायद्यात स्वतंत्र कलमच नाही. आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवायचे आणि मुख्य सभेने ते मंजूर करायचे, या नेहमीच्या चौकटीत आयुक्तांच्या अधिकाराने ते बसवलेले आहे. म्हणून ते चालू राहणे किंवा मंदावणे हे त्या त्या वेळच्या आयुक्तांवर आणि नगरसेवकांवर अवलंबून राहते.

नगरपालिकेचा पैसा कोणाच्या गरजेवर खर्च व्हावा, हा वाद मात्र पुण्याला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी पैसे खर्च करण्याच्या ठरावाला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे सुचवले. भाजीबाजाराची भव्य इमारत बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. तीच इमारत आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. प्रत्येक रुपयामागे कोणाची तरी गरज निवडली जाते आणि कोणाची तरी मागे पडते, हे फुल्यांनी सभागृहात बसून दाखवून दिले होते. सहभागी अंदाजपत्रकात तोच प्रश्न सभागृहाबाहेर, गल्लीत आणि वस्तीत, विचारला जाणे अपेक्षित आहे.

पुण्यात सुरुवात झाली ती तत्कालीन आयुक्त नितीन करीर यांच्या काळात, २००७-०८ च्या अंदाजपत्रकासाठी. सुरुवातीच्या काळात प्रभागांमध्ये बैठका भरवण्यात आल्या. नागरिक समोरासमोर बसून कामे सुचवत आणि महापालिकेचे अभियंते तेथेच त्यांची शक्यता तपासत. पर्यावरण शिक्षण केंद्र, जनवाणी आणि इतर संस्थांनी वेगवेगळ्या टप्प्यांवर लोकांपर्यंत माहिती नेण्याचे, अर्ज भरून घेण्याचे आणि मंजूर कामांचा मागोवा घेण्याचे काम केले. पुढील वर्षांत बैठका कमी होत गेल्या आणि छापील अर्ज हाच सहभागाचा मुख्य मार्ग ठरला. नंतर ऑनलाइन अर्जाची सोय आली.

प्रक्रिया अशी चालते. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महापालिका वृत्तपत्रांतून आवाहन करते. छापील अर्ज क्षेत्रीय कार्यालयांत मिळतात आणि तेथेच जमा होतात. एका कामाचा खर्च ५ लाख रुपयांच्या आत असावा लागतो आणि प्रत्येक प्रभागासाठी एकूण रकमेची कमाल मर्यादा असते. प्रभाग कधी एकसदस्यीय, कधी द्विसदस्यीय, तर २०१७ मध्ये बहुतांश चार सदस्यांचे झाले, तशी ही मर्यादाही बदलत गेली. काम सार्वजनिक जागेवरचे असावे लागते. सोसायटीच्या कुंपणाच्या आतले काम किंवा खासगी जागेवरचे बांधकाम चालत नाही. आलेल्या सूचना क्षेत्रीय कार्यालयात विभागवार लावल्या जातात. पथ, मलनिःसारण, विद्युत, उद्यान, घनकचरा अशा ज्या खात्याचे काम असेल त्याचे कनिष्ठ अभियंते जागेची पाहणी करतात आणि ढोबळ खर्च काढतात. व्यवहार्य ठरलेल्या कामांची यादी प्रभाग समितीपुढे जाते. समितीने पसंत केलेली कामे मुख्य इमारतीत पाठवली जातात आणि आयुक्तांच्या मसुद्यात समाविष्ट होतात. मग स्थायी समिती, मग मुख्य सभा. १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), निविदा आणि कार्यादेश या पायऱ्या चढून काम प्रत्यक्ष उभे राहायचे असते. म्हणजे गणपतीच्या सुमारास मागितलेला बाक बसायला पुढचे गणपती येऊन जाऊ शकतात, आणि मधल्या काळात आपल्या अर्जाचे काय झाले हे अर्जदाराला घरबसल्या कळेलच असे नाही.

लोक काय मागतात, हे या पद्धतीचे सर्वांत बोलके अंग आहे. उखडलेल्या पदपथाची दुरुस्ती, बंद पडलेला किंवा कधीच नसलेला रस्त्यावरचा दिवा, बसथांब्यावर छप्पर, ज्येष्ठांसाठी बाक, गल्लीच्या नावाचा फलक, पावसाळी गटाराची जाळी, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दारे आणि पाण्याची सोय अशा या मागण्या असतात. उड्डाणपूल कोणी मागत नाही, कारण ५ लाखांत तो बसत नाही. पण मागण्या लहान असण्याचे कारण एवढेच नाही. रोज पायी बसथांब्यापर्यंत जाणाऱ्या माणसाला शहराची जी उणीव जाणवते, ती याच आकाराची असते. कोट्यवधींच्या प्रकल्पांच्या आराखड्यात या उणिवा दिसत नाहीत, आणि म्हणून त्या मांडण्यासाठी वेगळी जागा असणे अत्यंत गरजेचे आहे. पदपथाला उतार नसेल तर चाकाच्या खुर्चीतील माणसासाठी तो पदपथ नसल्यातच जमा असतो. असा उतार करणे सहज ५ लाखांच्या आत बसते.

पद्धतीच्या मर्यादा कागदावर दिसत नाहीत, कार्यालयात दिसतात. पहिली अडचण नगरसेवकांच्या निधीशी असलेल्या नात्याची. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागासाठी कामे सुचवता येतात आणि त्यासाठी अंदाजपत्रकात ‘स’ यादी असते. नागरिकांनी थेट मागितलेले काम आणि नगरसेवकाने ‘स’ यादीतून दिलेले काम एकाच रस्त्यावरचे असू शकते. पहिल्या कामाचे श्रेय कोणाकडेच जात नाही, दुसऱ्याचा फलक लागतो. त्यामुळे काही नगरसेवकांना ही पद्धत आपल्या अधिकारावरचे अतिक्रमण वाटली, तर काहींनी तिचा उपयोग आपल्या कामांसाठी कार्यकर्त्यांकडून अर्ज भरून घेण्याकरिता केला. दुसरी अडचण वर्गीकरणाची. एका कामासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवण्याच्या या रीतीत, वर्ष सरत आले की नागरिकांनी सुचवलेल्या कामांचे पैसे भलतीकडे जाऊ शकतात, आणि ज्याने अर्ज भरला त्याला ते कळतही नाही. वर्गीकरणाचा ठराव सभेपुढे येतो, त्यामुळे तो गुप्त नसतो, पण तो वाचायला अर्जदार सभागृहात नसतो. सहभागी अंदाजपत्रकाच्या तरतुदीला वर्गीकरणापासून संरक्षण मिळावे ही मागणी स्वयंसेवी संस्थांनी लावून धरली आहे, आणि ती रास्त आहे. ज्याच्या सूचनेवरून रक्कम बाजूला ठेवली, त्याला न विचारता ती हलवली तर पुढच्या वर्षी तो अर्ज कशाला भरेल?

तिसरी अडचण अधिक खोल आहे. बैठकीच्या जागी अर्ज आला, तेव्हा प्रशासनाचे काम सोपे झाले, पण शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचे ठिकाण गेले. बैठकीत एका सोसायटीच्या माणसाला बाग हवी असते आणि पलीकडच्या वस्तीतील बाईला स्वच्छतागृहाची दारे हवी असतात. दोघे एका चटईवर बसले तर बागेसाठी आलेला माणूस कधी कधी दारांच्या बाजूने हात वर करतो. अर्जात हे घडत नाही. तेथे प्रत्येक जण आपापली मागणी लिहितो आणि निवड अभियंता व समिती यांच्यावर सोपवून मोकळा होतो. पोर्तो अलेग्रेची खरी ताकद त्या सभांमध्ये होती, आणि पुण्याने नेमका तोच भाग हातून जाऊ दिला, असे म्हणावे लागते.

याचा सर्वाधिक फटका वस्त्यांना बसतो. वृत्तपत्रातील आवाहन वाचणारा, कार्यालयीन वेळेत क्षेत्रीय कार्यालयात जाऊ शकणारा किंवा संकेतस्थळावर अर्ज भरू शकणारा नागरिक बहुधा सुस्थितीतला असतो. धुणीभांडी करणाऱ्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईची सकाळ कामात जाते आणि तिची मागणी अर्जाच्या रकान्यात बसतेच असे नाही. जेथे संस्थांचे कार्यकर्ते संध्याकाळी वस्तीत जाऊन बसले, तेथे महिलांनी पाणी, गटार आणि दिव्यांबद्दल नेमक्या सूचना दिल्या. लोकांना उत्साह नसतो हा आक्षेप अशा वेळी टिकत नाही. महापालिकेच्या समाज विकास विभागाशी जोडलेले महिला बचत गट शहरभर आहेत. आवाहन त्यांच्या बैठकांपर्यंत नेणे अवघड नाही.

मोहल्ला समितीची सभा ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. क्षेत्रीय कार्यालयात ठरावीक दिवशी भरणाऱ्या या सभेत नागरिक तक्रारी मांडतात आणि सहायक आयुक्त व खात्यांचे अभियंते उत्तरे देतात. तेथे पैशाचा निर्णय होत नाही. तरीही आपण सुचवलेले काम कुठे अडले हे तोंडावर विचारता येईल अशी हीच जागा आहे, आणि जाणते कार्यकर्ते सहभागी अंदाजपत्रकातील कामांचा पाठपुरावा येथेच करतात.

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्यामुळे त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात मुख्य सभा, स्थायी समिती आणि प्रभाग समिती यांचे अधिकार एकाच हातात होते. नगरसेवक नसल्याने नागरिकांच्या थेट सूचनांचे महत्त्व वाढायला हवे होते, पण त्या सूचना उघडपणे तपासणारी समितीही त्याच वेळी नाहीशी झाली होती. त्याआधीच्या काही वर्षांत शहराची हद्दही झपाट्याने वाढली होती. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरांच्या पुढे गेले. वाघोली, नऱ्हे, सूस यांसारख्या भागांतील रहिवाशांना ग्रामसभेची सवय होती. तेथे रस्ता आणि सांडपाण्याच्या वाहिन्याच अपुऱ्या असल्याने ५ लाखांची मर्यादा फार तोकडी पडते. पेठांसाठी आणि या गावांसाठी एकच मर्यादा ठेवण्याऐवजी सोयींच्या तुटवड्यानुसार प्रभागनिहाय रक्कम ठरवावी लागेल. तसे सूत्र पुण्याच्या पद्धतीत अजून आलेले नाही.