उकडा, सुरय आणि वजनाचा काटा

‘वजन उतरवायचंय, म्हणून सुरय बंद करून उकडा सुरू केलाय.’ हे वाक्य आता गोव्यात लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठेही कानावर पडतं. उकडा म्हणजे टरफलासकट उकडून मग भरडलेला तांदूळ, सुरय म्हणजे न उकडता भरडलेला पांढरा तांदूळ. त्यात चूक उकड्याची नाही. चूक अशी, की ‘पौष्टिक’ आणि ‘कमी उष्मांकाचं’ या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पिशवीत कोंबतो.

दोन्ही तांदूळ ओळखायला गोंयकाराला शिकवणी नको. उकडा जाड, बहुधा तांबूस, त्याचा वास वेगळा, शिजायला वेळ खाणारा. सुरय पांढरा, लवकर शिजणारा, पुलावाला नि खिरीला बरा. हुमणाखाली, म्हणजे खोबरं घातलेल्या मासळीच्या आमटीखाली, मात्र उकडाच हवा, यावर मी वाद घालत नाही.

उकडा करताना भात टरफलासकट भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग भरडतात. उकडताना कोंड्यातलं ब-१ सारखं जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, म्हणून भरडल्यावरही बरंचसं टिकतं. पिष्ट उकडून पुन्हा घट्ट होतं, त्यामुळे ते सावकाश पचतं आणि रक्तातली साखर सहसा सुरयइतकी झपाट्याने चढत नाही. कोंडा राखलेला असेल तर तंतूही मिळतात. म्हणजे उकडा अंगाला चांगला, हे आजी सांगायची ते खरंच.

पण काट्याचं गणित वेगळं. कोरडे १०० ग्रॅम तांदूळ घ्या, उकडे घ्या नाही तर सुरय: उष्मांक दोन्हीकडे ३५० च्या आसपासच. उकडल्याने पिष्ट कुठे पळून जात नाही. मग उकडा ‘हलका’ वाटतो कशामुळे? एक तर तो पोटात जास्त वेळ राहतो. दुसरं म्हणजे पेज. अकराच्या सुमाराला वाटीभर पेज आणि करमलाच्या लोणच्याची फोड घेतली की पोट भरल्यासारखं वाटतं, कारण त्या वाटीत दाणे थोडे नि पाणी पुष्कळ. हलकी आहे ती पेज. तोच उकडा दुपारी ताटात डोंगरासारखा वाढला, वर ‘उकडाच आहे ना’ म्हणून आणखी एक डाव घेतला, तर सुरयने जे झालं असतं तेच होणार.

याच्यापुढचा घोळ तर जास्त नडतो. आहाराच्या तक्त्यात ‘भात १०० ग्रॅम’ लिहिलेलं असतं आणि लोक १०० ग्रॅम तांदूळ मोजून शिजत घालतात. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० उष्मांक असतात, कारण त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं. कोरड्या १०० ग्रॅममध्ये ३५०. एवढ्या फरकाने ताटातला भात जवळजवळ तिप्पट झाला, आणि दोष मात्र तांदळाच्या जातीला. माझं स्पष्ट मत: तांदूळ कोरडाच मोजावा. एका माणसाला एका जेवणाला ५० ग्रॅम धरा, म्हणजे सुमारे १७५ उष्मांक. शिजल्यावर तो भात किती दिसतो ते एकदा नीट पाहून ठेवा. रोज तराजू काढावा लागत नाही.

आणि भातावर काय पडतं ते बघा की. ओलं खोबरं १०० ग्रॅम घेतलं तर त्यातही साडेतीनशेच्या वर उष्मांक, म्हणजे वजनाला वजन कोरड्या तांदळाइतके किंवा जास्तच. पंधरा मिलिलिटरचा मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२०. रवा लावून तळलेला बांगडा तेल पितो. तोच बांगडा तिरफळं घालून हुमणात शिजवला तर वरचं तेल लागत नाही. खोबरं सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, पण हुमणालाही खोबरं, भाजीवरही खोबरं आणि सोबत सुक्या मासळीचं, खोबरं घातलेलं किसमूर असेल, तर एका ठिकाणी हात आखडा. ताटात जागा तांबड्या भाजीला (लाल माठाला) द्या, मुगागाठीतले, म्हणजे मोड आलेल्या मुगांच्या आमटीतले, मूग थोडे वाढवा, तिसऱ्या (शिंपल्या) किंवा मासळी पोटभर असू दे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

‘रात्री भात सोडा, चपात्या खा’ हा सल्ला तर माझ्या डोक्यात जातो. गव्हाचं पीठही कोरडं मोजलं तर तांदळाच्या जवळपासच आहे. तीन चपात्या तूप लावून खाणाऱ्याने ५० ग्रॅम तांदळाच्या भाताला नावं ठेवू नयेत. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोईचं, म्हणजे कोंडा घातलेल्या गोव्याच्या पावाचंही तेच. कोंड्यामुळे ती पांढऱ्या पावापेक्षा बरी, पण लोणी लावून दोन खाल्ल्या तर त्या दोनच मोजायच्या, कोंड्याची सूट मिळत नाही.