सोन्याचं स्मारक नाणं घ्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि थोडं डोकं

सिद्धेश्वर मंदिर नाहीतर भुईकोट किल्ला कोरलेलं सोन्याचं नाणं कुठं मिळतं असं सोलापुरात बरेच जण विचारतात, तर आधी एक गोष्ट क्लिअर करू, नाणं पाडायचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा, २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे. सराफाकडं मिळतं ते सोन्याचं पदक, शोभेचं, त्याला चलन म्हणून किंमत शून्य. वाईट आहे असं नाही हां, फक्त घेताना माहीत पाहिजे.

सरकारी स्मारक नाणी बरीचशी चांदीमिश्रित असतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला १००० वर्षं झाली म्हणून १००० रुपयांचं काढलं, नवीन संसद भवनाचं २०२३ ला ७५ रुपयांचं, त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आन जस्त, वजन ३५ ग्रॅम. घ्यायला वेगळी पात्रता काही नाही. टाकसाळीच्या वेबसाइटवर मोबाइल, ईमेल टाकून अकाउंट काढायचं, पत्ता पिनकोडसकट नीट भरायचा, बुकिंग चालू असेल तेव्हाच ऑर्डर लागते, पैसे ऑनलाइन, पार्सल पोस्टानं. वाट बघायची तयारी ठेवा, हातात यायला कधीकधी महिने जातात. दर्शनी किंमत ७५ असली तरी ७५ ला मिळत नाही बरं का, बरंच जास्त पडतं.

आता सराफ कट्ट्यावरचं. पदक ज्या कार्डात पॅक असतं ते कार्ड सीलबंद पाहिजे, त्यावर वजन, ९९९ शुद्धता (म्हणजे ९९.९ टक्के सोनं) आणि नंबर छापलेला असतो, बिलावर तोच नंबर आलाय का तिथंच उभं राहून बघा. घडणावळ वेगळी लिहून मागा, कारण मोडताना सराफ सोन्याचं वजन धरतो, किल्ल्याच्या बुरुजाची कारागिरी नाही, आणि भरलेला ३ टक्के जीएसटीही परत येत नाही. कार्ड फोडू नका, फोडलं की कॅरेट मीटरवर, म्हणजे शुद्धता मोजायच्या मशीनवर, तपासूनच पुढचं बोलणं.

कागदपत्रं म्हणाल तर २ लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन लागतंच, आणि २ लाख किंवा जास्त रोख दुकानदार घेऊच शकत नाही, बिलं तोडून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका. मुलाच्या नावानं घ्यायचं असेल तर बिल कुणाच्या नावाचं करायचं ते पैसे द्यायच्या आधी ठरवा, नंतर नाव बदलून द्यायला दुकानदार सहसा तयार होत नाही.